इष्टलिंगाचा सांधा

उद्यमनगरातल्या रुद्रेशच्या दुकानात कुणी गम मागायला आलं की त्याची आधी उलटतपासणी व्हायची. रबर लोखंडाला चिकटवायचंय की काच ॲल्युमिनियमला, तेवढ्यावर भागायचं नाही. “पाणी लागणार हाय का? तेल? ऊन? हादरं बसणार? घाई किती हाय?” गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं, “अवो पावणं, गम द्या की नुस्ता!” रुद्रेश देत नसे. नव्वद-पंच्याण्णवच्या त्या दिवसांत लोकांना पांढरा गम आणि पिवळा गम एवढंच ठाऊक, आणि हा पठ्ठ्या दोन नळ्यांचं इपॉक्सी कसं मिसळायचं यावर व्याख्यान द्यायचा. त्याला कळत होतं, यात वाद नाही. पण आपल्याला कळतं हे लोकांना कळलंच पाहिजे, हा त्याचा सोस जरा जास्त होता.

त्याची आई चन्नम्मा. माहेर कुरुंदवाडचं, घरात सगळे तिला अव्वा म्हणत. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे तिचं इष्टलिंग लग्नाआधीपासून तिच्या गळ्यात होतं. पांढऱ्या वस्त्रात बांधलेलं, आत सुपारीएवढा दगड आणि त्यावर काळा, गुळगुळीत लेप. रोज आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन ती पूजा करायची आणि मगच पाण्याचा घोट घ्यायची. बाळंतपणात नाही, नवरा गेला त्या दिवशी नाही, कधीच ते तिनं अंगावेगळं केलं नव्हतं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मात्र नर्स ऐकेना. गळ्यातलं काढल्याशिवाय आत घेणार नाही म्हणाली. दवाखाना गाठायच्या घाईत सकाळची पूजाही राहिली होती. अव्वानं खूप वेळ हुज्जत घातली आणि शेवटी ते रुद्रेशच्या हातात दिलं.

“गळ्यात घाल. खाली ठेवू नगंस. भाईर आलो की पूजा करून पानी पितो.”

“व्हय अव्वा, काळजी करू नगं,” रुद्रेश म्हणाला, आणि ती आत गेल्यावर त्यानं ते शर्टाच्या खिशात टाकलं. गळ्यात दोरा घालून बाजारात फिरायची त्याला लाज वाटायची. कशाची लाज वाटावी हे माणसाला वेळेवर कळत नाही, त्यातला हा प्रकार.

तासभर तरी लागेल असं कळल्यावर त्यानं कोपऱ्यावरच्या बूथवरून दुकानात फोन केला. बाळासो येऊन शिव्या घालून गेलाय, असं दुकानातल्या पोराकडून समजलं. बाळासोचा जवळच छोटा कारखाना होता. तिथं लोखंडी रोलरवर बसवलेलं रबर सुटलं होतं आणि ‘रुद्रेशचा गम फसवा हाय’ असं तो गल्लीभर सांगत होता. हे कसं सहन व्हावं? बायकोला, पवित्राला, दवाखान्यात बसवून हा स्कूटरवरून थेट तिथं.

सुटलेल्या रबराखाली त्यानं बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा खुलला. बोटाला तेल लागलं होतं.

“बघा बाळासो! पुसून घ्या म्हणून सांगितलंतं का न्हाय? तेलावर गम धरतोय व्हय?” आणि दाखवायला तो आणखी खाली वाकला.

खिशातलं लिंग फरशीवर पडलं.

“काय पडलं?” बाळासो म्हणाला.

“काय न्हाय.” रुद्रेशनं ते मुठीत उचललं. वस्त्राच्या आत काहीतरी हललं होतं.

दुकानात येऊन त्यानं पोराला चहाला पिटाळलं आणि गाठ सोडली. काळ्या लेपाला तडा गेला होता आणि आतल्या दगडाचे सरळ दोन तुकडे झाले होते.  भंगलेलं लिंग पुजत नाहीत, हे लिंगायताच्या घरातल्या पोरालाही ठाऊक असतं. स्वामींना सांगायचं, त्यांच्याकडून नवं घ्यायचं. पण त्यासाठी आधी अव्वाला सांगायला हवं होतं. आणि इथं तर चारी बाजूंच्या फळ्यांवर गमच गम होते.

मग त्यानं स्वतःलाच प्रश्न विचारले. पाणी लागणार? रोज. तेल? आतला दगड कोरडा, पण वरच्या लेपात तेलाचा अंश असतोच. म्हणजे दोन वेगळ्या स्वभावाच्या वस्तू, दोघींना धरून ठेवेल असं इपॉक्सीच पाहिजे. ते पाण्याला दाद देत नाही, आयुष्यभर सुटणार नाही. पण ते घट्ट व्हायला संध्याकाळ झाली असती आणि अव्वा आत्ता बाहेर येणार होती, सकाळपासून पाण्याचा थेंब न घेतलेली. चपलांचा पिवळा गम लवकर धरतो, पण त्याचा वास हातभर लांबून येतो. उरला तो चिमटीएवढ्या बाटलीतला झटपट गम. रोजच्या पाण्यापुढे तो फार टिकत नाही. असल्या कामासाठी कुणी मागितला असता तर रुद्रेशनं हाकलून दिलं असतं. त्यानं तोच घेतला.

तुकडे जुळले. पण या गमाची एक खोड असते, काळ्या वस्तूवर सांध्याभोवती पांढरट धूर बसतो. तसा तो बसला. पुसून जाईना. तेव्हा त्यानं गल्ल्यापाशी ठेवलेलं भस्म घेतलं आणि त्या धुरावर चोळलं. हे करताना त्याला कुणी बघत नव्हतं, तरी त्यानं दाराकडं पाठ केली.

अव्वा खाटेवर बसली होती. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू अजून तसाच. पवित्रानं तिचे हात धुवून दिले. रुद्रेशनं लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं. अव्वानं उजवा अंगठा त्यावरून फिरवला. अर्ध्यावर तो थांबला. पुन्हा मागं गेला, पुन्हा तिथंच थांबला. मग तिनं ते वस्त्रात गुंडाळलं आणि गळ्यात न घालता मांडीवर ठेवलं.

“पानी घ्या अव्वा,” पवित्रा म्हणाली.

“तान न्हाय.”

नर्स गोळ्या घेऊन आली. काहीतरी खाल्ल्याशिवाय गोळी चालणार नाही म्हणाली. अव्वानं मान हलवली. नर्स रुद्रेशवर ओरडली, “अहो, साखर आहे त्यांना! उपाशी किती ठेवणार?”

“अव्वा, पूजा झाली की. पी की आता,” रुद्रेश म्हणाला.

“झाली?” अव्वानं विचारलं.

तिचे ओठ वाळून पांढरे पडले होते. पवित्रा तांब्या धरून उभीच होती. तिला काय चाललंय ते कळत नव्हतं आणि ती कावरीबावरी होऊन नवऱ्याकडे बघत होती. रुद्रेश खाटेच्या कडेला बसला.

“अव्वा, माज्या हातनं पडलं. फुटलं. मी चिकटवलं.”

पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं मान वळवली. 

“पट्टी डोळ्यावर बांधल्याय रे,” अव्वा म्हणाली, “हातावर न्हाय.”

त्यापेक्षा तिनं थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. फुटल्याचं तिला दुःख होतंच. पण आंधळ्या आईला फसवता येईल असं पोराला वाटलं, हे तिला जास्त लागलं होतं, आणि ते त्याला तिच्या आवाजात ऐकू आलं. तो उठला, स्कूटर काढली आणि स्वामींना आणायला गेला.

स्वामी म्हातारे, अव्वाला लहानपणापासून ओळखणारे. नवं लिंग घेऊन आले. स्टुलावर बसले, अव्वाच्या मांडीवरचं जुनं लिंग त्यांनी उचललं, वस्त्र सोडलं आणि सांधा बघितला. बराच वेळ बघितला.

“आक्का, इतकी वर्सं जिवापाड जपलंसा. आन् आज असं कसं झालं?”

रुद्रेशनं तोंड उघडलं.

“माज्याच हातनं निसटलं, स्वामी,” अव्वा म्हणाली. “पोराला म्हटलं, चिकटवून आन. त्येला काय ठावं?”

“लिंगापरास मोठं काय हाय, आक्का? तुमच्यासारख्या बाईनं असं करायचं?” स्वामींचा आवाज चढला. सगळा वॉर्ड ऐकत होता.

ज्या गोष्टीबद्दल जन्मात कुणी तिला बोल लावला नव्हता, त्या गोष्टीसाठी अव्वानं हात जोडले. “चुकलं माजं,” ती म्हणाली आणि मान खाली घातली.

अजूनही बोलता आलं असतं. पवित्रा त्याच्याकडेच बघत होती. रुद्रेशनं तोंड मिटलं.

स्वामींनी मंत्र म्हणून नवं लिंग तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं सावकाश पूजा केली, ते गळ्यात बांधलं आणि रुद्रेश उभा होता त्या बाजूला अंदाजानं हात पुढं केला.

“आता दे पानी.”

त्यानं तांब्या तिच्या हातात दिला. ती घटाघटा पाणी प्यायली, आणि तिच्या पट्टी बांधलेल्या डोळ्याकडंसुद्धा त्याला बघवेना.