धुराची नोकरी

"आई, चप्पल घाल. गाडी फाटकाशी उभी आहे," प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडून लेक म्हणाली. स्वतःच्याच माहेरात शिरायला तिला आत्ता तिकीट काढावं लागलं होतं, त्यामुळे पारा आधीच चढलेला.

काकूंनी प्रदर्शनाचे जुन्या पद्धतीचे कपडे घडी करून ठेवले होते, स्वतःचे चढवले होते. जायचं नक्की होतं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, धूर बंद करा, नाहीतर छाती कामातून जाईल. पण पाय चुलीपाशीच घुटमळत होते.

संग्रहालयाने गावोगावची जुनी शेतघरं उचलून या माळावर मांडली, तेव्हा काकूंचंही घर खांबा-तुळयांसकट इथे आलं आणि घरामागोमाग काकूही आल्या. चूल पेटवून लोकांना दाखवायची, एवढंच काम. तिथे त्यांनी एक मूर्खपणा केला. रोज धूर मिळाला की छपराला कीड लागत नाही, हे संग्रहालयाच्या साहेबांना कौतुकाने सांगून बसल्या. झालं! तेव्हापासून सुट्टी बंद. मागे त्या आजारी पडल्या, कामावरच्या बाकीच्या पोरींनी चूल विझू दिली आणि दोन तुळयांना भुंगा लागला. साहेबांनी नव्या बसवल्या. नवऱ्याने स्वतःच्या हाताने तासलेली आता एकच उरली होती.

साहेब आत आले. "जा की काकू, कोण अडवतंय? घर तुमचंच आहे." मग वर बघत हळूच म्हणाले, "ही तुळईसुद्धा बदलू मग. काय करणार?"

घर काकूंचं आहे, हे साहेबांना नेमकं अशा वेळीच आठवायचं.

"बदलू देत," साहेबांची पाठ वळल्यावर लेक म्हणाली. "बाबा काय त्या लाकडात बसलेत?"

काकूंनी चुलीत आणखी एक लाकूड सारलं. लेक खरं बोलली याचाच त्यांना राग आला.

लेकीने कपाळावर हात मारला, पर्स खाली ठेवली आणि दोरी ओलांडून आली. "सरक. आजच्यापुरती मी फुंकते. तू बाहेर मोकळ्या हवेत बस. उद्या मात्र तुझं काही ऐकणार नाही."

उद्याही हेच होणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

काकू बाहेर दगडावर टेकल्या. छपरातून धूर झिरपत होता. इतक्या वर्षांत आपलं घर त्यांनी असं बाहेरून, निवांत पाहिलंच नव्हतं. छान दिसत होतं मेलं.

"मावशी," कॅमेरा घेतलेल्या एक बाई आर्जवाने म्हणाल्या, "जरा बाजूला होता का? फोटोत फक्त घर हवंय."

"हो, हो," म्हणत काकू उठल्या आणि बाजूला झाल्या.