पोथीचं वजन

"आमा, पोथ्या गाडीतनं जातील. तू कशाला पाठ मोडून घेतीस?" आमच्या गावचा मुखिया, गावबुढा लेकी, म्हणाला आणि मुखियाच्या लाल कोटाची बटणं लावायला लागला. पोट काही आत जाईना.

मला तिथंच शिसारी आली. चोसकरच्या दिवशी गोम्पातल्या, आमच्या मठातल्या, पोथ्या पाठीवर घेऊन अख्ख्या गावानं शेतांना फेरी घालायची, म्हणजे कीड लागत नाही, रानडुक्कर शिवत नाही. माझ्या सासूच्या सासूपासूनची रीत ही. आणि आता म्हणे गाडी!

"गाडी माझ्या मक्यापतुर जाती का रं?"

"रस्ता जितवर हाय तितवर जाईल की."

"रस्ता तुझ्या मिरच्यांपतुरच हाय!"

मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं.

माझं शेत सगळ्यात वर, रानाला चिकटून. चाळीस वर्षं मी टोपल्या भरभरून झाडांची वाळकी पानं त्यात पसरलीत, तेव्हा कुठं ती माती काळी झाली. गेल्या साली पाऊस येतोय म्हणून पोथ्या अर्ध्या वाटेतनं माघारी फिरल्या, आणि आठव्या दिवशी डुकरांनी माझा मका आडवा केला. त्या हिवाळ्यात मी लोकांच्या दारात पीठ मागत फिरले. मी, चेझोम, जिनं कधी कुणाकडं चिमूटभर मीठ मागितलं नव्हतं. यंदा पोथी माझ्या बांधाला लागल्याशिवाय मी घरी जाणार नव्हते.

"गाडी ऱ्हाऊ दे दारात," मी म्हटलं. "म्या म्हातारी पोथी उचलती, आन् तुमची जवान पोरं गाडीत बसत्यात? थू!"

बायांनी माझी री ओढली. गावबुढ्यानं जावयाकडं, थुतानकडं बघितलं. पोथ्या गोम्पाच्या माडीवरनं उतरवून बांधायचं काम थुतानकडं होतं. तो उगाच नाक चोळत उभा.

"उरका लवकर," गावबुढा गुरकावला, आणि थुताननं एकेकाच्या पाठीवर पोथी चढवली.

माझ्या पाठीवर आली तशी मी चमकले. दोन बाजूंना लाकडी फळ्या, वर पिवळं रेशमी वस्त्र, गाठ पक्की. सगळं होतं. वजन तेवढं नव्हतं. ओझ्याचं मला कुणी शिकवायला नको. माझं मन खायला लागलं, पण पुढं लामा योन्तेन घंटा वाजवत चाललेले, ऐंशीचे, डोळ्यांनी अधू. म्हटलं, चेझोम, गप चल.

मिरच्यांच्या शेताशी सगळे टेकले. गावबुढ्याची बायको छांगचा, घरच्या दारूचा, हंडा घेऊन हजर. जो तो वाटी पुढं करून उभा, पोथ्या पाठीवर की जमिनीवर याची शुद्ध कुणाला? मी माझी मांडीवर घेतली आणि गाठ सोडली.

आत पुठ्ठा. बिस्किटाच्या खोक्याचा, कापून थरावर थर रचलेला.

"लेकी!" मी ओरडले. "ह्ये काय रं? बुद्धाची वाणी का बिस्किटं?"

"तू पोथीला हात लावलासच कसा?" तो माझ्यावरच धावून आला. चोराच्या उलट्या बोंबा! "इटाळ केलास समदा!"

"पुठ्ठ्याला कसला इटाळ?"

थुतान पुटपुटला, "पावसात पानं भिजत्यात, आमा. आन् माडीवरनं उतरवायची म्हंजे... किती जड असत्यात."

"जड असत्यात म्हनूनच पाठीवर घ्यायच्या, मेल्या!"

मला वाटलं, आता गाव पेटेल. कशाचं काय! शेजारचा नोरझांग वाटी चाटत म्हणाला, "जाऊ दे की आमा. डुक्कर काय गाठ सोडून बघतंय व्हय?" आणि सगळे हसले. सगळे! मघाशी माझी री ओढणाऱ्या बायासुद्धा. त्या हसणाऱ्या, ओशट तोंडांची मला किळस आली.

लामा योन्तेननी हात पुढं करून पुठ्ठा चाचपला.

"गेल्या साली बी ह्योच व्हता का?" त्यांनी विचारलं.

थुताननं खालमानेनं 'व्हय' म्हटलं.

"चल चेझोम," लामा म्हणाले. "मला गोम्पात घिऊन चल."

माडीवरची खरी पोथी मी पाठीवर घेतली तेव्हा गुडघे कटकन वाजले. दोन म्हातारी माणसं आम्ही, एक डोळ्यांनी अधू, एक वाकलेलं. मिरच्यांवरनं जाताना नोरझांगनं शीळ घातली. मी बघितलं नाही. वर जाईपर्यंत तीनदा बसले, पण माझ्या मक्याला पुरी फेरी घातली, आणि लामांनी चारी कोपऱ्यांवर घंटा वाजवली.

डुकरं आली. खोटं कशाला सांगू? वरच्या चार ओळी खाऊन गेली. बाकीचा मका घरात आला, त्या हिवाळ्यात मी कुणाच्या दारात गेले नाही. खाली नोरझांगचं शेत मात्र उकरून निघालं. गावबुढा गावभर सांगत हिंडला, "माझ्या पुठ्ठ्यानं माझ्या मिरच्या राखल्या का न्हाई?" अरे, मिरची खाणारं डुक्कर कुणी बघितलंय का?

पुढच्या साली चोसकरला मी गोम्पाच्या पायरीवर बसले होते. नोरझांग आला, पाठीवरची पोथी उतरवून माझ्यापुढं धरली.

"आमा, जरा उचलून बघतीस का?"

त्याच्या मागं बाया रांगेत उभ्या. त्याच, फिदीफिदी हसणाऱ्या. गावबुढा लांब उभा राहून कोटाची बटणं चाचपत होता. मी पोथी दोन्ही हातांनी उचलली. मनगटं भरून आली.

"खरी हाय," मी म्हटलं. "चल आता, आधी माझ्या शेताला."