मोहाखालच्या अकरा चुली

हे मी सांगायला नको होतं. मला पेटीतून बाहेर काढलं त्याच दिवशी चौकीवर सगळ्यांना बजावलं होतं, की हिच्याबद्दल बाहेर बोलायचं नाही. पण ते माणसांना सांगितलं होतं. माझ्याकडून कुणी वचन घेतलं नाही, म्हणून बोलतेय.

मी टेहळणीचा ड्रोन आहे. माझं खरं नाव म्हणजे एक लांबलचक नंबर. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, जंगलाला लागून असलेल्या पोलीस चौकीत मला सगळे घार म्हणतात. मला चार पंखे आहेत, चार पाय आहेत आणि पोटाखाली दोन डोळे. एक डोळा तुमच्यासारखा बघतो. दुसऱ्याला फक्त ऊब दिसते. अंधारातही माणूस, बैल, नुकतीच विझलेली चूल त्याला पांढरीशुभ्र दिसते.

माझं घराणं मोठं आहे. प्रशिक्षणाच्या वर्गात उस्तादांनी जगाचा नकाशा लावून सगळ्यांची ओळख करून दिली होती. अमेरिकेकडचे काही थोरले विमानाएवढे असतात आणि एकदा उडाले की दिवसभर खाली येत नाहीत. जपानचे समुद्रावरून जहाजं न्याहाळतात. आपल्या सैन्याचे लडाखच्या डोंगरांवर पहारा देतात. युक्रेन आणि रशियाच्या लढाईत तर माझ्याएवढे लहान ड्रोन दोन्ही बाजूंनी उडतात आणि एकमेकांचे खंदक बघतात. काही भावंडं बघून थांबत नाहीत, ती बॉम्बही टाकतात. त्यांच्याबद्दल बोलताना उस्तादांचा आवाज उतरला होता.

शेवटी ते म्हणाले, "देश कोणताही असो, ड्रोनला ऊब दिसते. ती कुणाची आहे, हे माणसानं ओळखायचं."

शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. ती दुर्गेश्वरी. मला तीच उडवते. बोदलकसाजवळच्या धानाच्या शेतात वाढलेली ही मुलगी पोलिसात भरती झाली, पण बोलायला फार लाजते. सहा महिन्यांत साहेबांशी ती एकच वाक्य बोलली होती, "सर, बॅटरी चार्ज करू का?"

वरून मला माणसांच्या गमती दिसतात. मी डोक्यावर आले की मुलं हात हलवतात. झाडाखाली लोळणारा माणूस उठून उगाच कुदळ शोधायला लागतो. आमचे चुन्नीलाल जमादार पोट आत घेऊन उभे राहतात. बैल मात्र मान वर करून बघतसुद्धा नाहीत.

मार्च महिना होता. जंगलात बंदूकवाले उतरलेत अशी आदल्या दिवशी खबर आली होती. पहाटे, अजून अंधार असताना, दुर्गेश्वरीने मला वर पाठवलं. टेकडीपलीकडे मला अकरा गरम गोल दिसले आणि त्यांच्यापाशी वीसेक माणसं.

साहेब पडद्यावर वाकले. ते दूरच्या शहरातून बदलून आले होते आणि इथला उन्हाळा त्यांनी अजून पाहिला नव्हता. "अकरा चुली. हा तळच आहे," ते म्हणाले. "जमादार, तुकडी काढा."

जवान बंदुका घेऊन गाडीत बसायला लागले. आता अंधारात ते तिथे पोचणार, समोरची माणसं घाबरून पळणार, आणि पळणाऱ्यावर कुणीतरी गोळी झाडणार. मला काही बोलता येत नव्हतं. दुर्गेश्वरीला येत होतं, पण ती मला त्याच गोलांवरून पुन्हा पुन्हा फिरवत होती.

चुन्नीलाल जमादारांनी तिच्याकडे बघितलं. "काऊन वो पोरी, चेहरा असा कायले केलास? काही दिसून राहिलं का?"

"सर," ती इतकं हळू म्हणाली की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "सर, ह्या चुली नाहीत. मोहाची फुलं वेचायच्या आधी, ती नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. ती राख गरम आहे."

"कशावरून?" साहेबांनी विचारलं.

"चुलीपाशी असती तर माणसं एकमेकांकडे गेली असती. इथं बघा ना, कोणीच दुसऱ्याच्या गोलात पाय टाकून नाही राहिला. आमच्याकडं प्रत्येक घराचं मोहाचं झाड ठरलेलं राहते. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही."

सगळे पडद्याकडे बघत राहिले. माणसं वाकत होती, उठत होती, आणि खरंच आपापल्या गोलात होती.

"उजाडेपर्यंत थांबा," साहेब म्हणाले.

उजाडलं तशी तिने मला खाली नेलं. टोपल्या दिसल्या, लुगडी दिसली. एक म्हातारी माझा आवाज ऐकून पदर डोक्यावरून घेऊन झाडाला चिकटून बसली. तिला आग्या मोहोळ उठल्यासारखं वाटलं होतं. जवान गाडीतून उतरले आणि चहा मागायला लागले.

ती म्हातारी रुख्माबाई. दुपारी ती थेट चौकीवर आली.

"तुमची ते माशी माह्या झाडावर कायले फिरून राहिली होती?"

"मोह खायले आली होती, मावशी," जमादार म्हणाले.

"मंग टोपली घेऊन ये म्हणा. फुकटात नाही मिळत."

साहेब हसले आणि त्यांनी स्वतः तिला खुर्ची दिली. त्या दिवसापासून मला उडवण्याआधी दुर्गेश्वरी गावात विचारून येते, आज कुणाच्या झाडाखाली पाला जाळलाय. आता ती बोलायला लाजत नाही. निदान मोहाबद्दल तरी.

माझा एक पाय मोडलाय. जमादारांनी त्याला बांबूची कामटी बांधून दिलीय, त्यामुळे उतरताना मी जरा लंगडते. हल्ली माझं जास्त काम म्हणजे पाल्याची आग जंगलात शिरतेय का, हे बघणं. मला ते आवडतं.

जाता जाता एकच सांगायचंय. माझी भावंडं ज्या ज्या देशात उडतात, तिथल्या पडद्यासमोर बसलेल्यांना माझा निरोप द्या. पांढरा ठिपका दिसला की आधी एवढंच विचारा, की हा माणूस रोज पहाटे इथं कशासाठी—

"घार, चल वो. रुख्माबाईच्या झाडाखालची आग बाहेर सरकून राहिली," दुर्गेश्वरी हाक मारते.