दारापुढचे ठिपके

सडा घातलेल्या जागेत नऊ ठिपके होते, तीन ओळींत तीन-तीन. त्यांच्याभोवती फिरवलेली पिठाची रेघ दोन ठिकाणी तुटली होती. आईने पाय ताठ ठेवून, कंबरेत वाकून ते कोलम, म्हणजे आम्हा तमिळ घरांतली तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढले होते आणि मध्ये दोनदा भिंतीला हात टेकला होता.

क्षयाचे औषध दीड वर्षाने थांबले, तेव्हा डॉक्टर वेंकटरमण म्हणाले, "जंतू गेले, आता ताकद यायचीय. ती अंथरुणात पडून येणार नाही. रोज थोडं काम करा. सकाळी उठण्याआधी नाडी मोजा. ऐंशीच्या आत असली तरच काम वाढवा."

आईला फिरायला जाणे पटेना. "कामाशिवाय रस्त्यावर कशाला भटकू?" म्हणून मी कोलम निवडले. त्यात वाकणे होते, ते मोजता येत होते, आणि आजारापूर्वी ते तिचेच काम होते.

मला मद्रासच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली होती. १ फेब्रुवारी १९९५ला रुजू व्हायचे होते. माझे वडील, अप्पा, दिवसभर कचेरीत असत. आईला घर सांभाळता आले तरच मी जाणार होते. पंचवीस ठिपक्यांचे कोलम आणि दोघांचा स्वयंपाक यांनी नाडी जवळपास सारखीच चढते, हे मी स्वतःवर पाहिले होते. त्यावरून आमचे ठरले: आईने पंचवीस ठिपके काढायचे, आणि दुसऱ्या सकाळी नाडी ऐंशीच्या आत हवी. नाहीतर मी कंपनीला नकार कळवायचा.

डिसेंबरच्या मध्यावर मार्गळी लागला, मोठमोठ्या कोलमांचा महिना. गल्लीतली कोलमे पसरत रस्त्याच्या मध्यापर्यंत आली, त्यांच्यात शेणाच्या गोळ्यांवर भोपळ्याची फुले बसली. समोरच्या कनकलता मामी आमच्या दाराकडे बघून म्हणाल्या, "काय गं वर्षा, तुझ्या आईचं कोलम अजून रांगतंच आहे?"

आई हसली. दुसऱ्या पहाटे मी उठण्याआधीच तिने अकरा ओळी काढल्या. एकशे एकवीस ठिपके.

"आई, हे काय केलंस?"

"बघून घे आणि तुझी पेटी भरायला लाग." तिचे ओठ पांढरे पडले होते.

पुढच्या सकाळी नाडी एकशे चार होती. तिला उठून बसवेना.

"आज कोलम नाही," मी म्हणाले.

"मग तू काढ."

"ते तुझं काम आहे. तू काढशील तेव्हाच."

दार कोरे राहिले.

सातच्या सुमारास कनकलता मामी ओल्या केसांनीच धावत आल्या. त्यांच्यामागे शेजारच्या आणखी दोघी होत्या. उंबऱ्यातच त्यांनी हंबरडा फोडला. "अक्का! कधी गेलीस गं? आम्हाला कळवलंही नाही कुणी!"

सकाळी दारात कोलम नसले की घरात मृत्यू झाला, असे गल्ली समजते. हे मला लहानपणापासून ठाऊक होते. त्या सकाळी मी फक्त नाडीचा विचार केला होता.

आतून आईचा आवाज आला, "रडू नकोस, कनकलता. कॉफी घेऊन जा. वर्षा करेल. मला उठायला बंदी आहे."

मामी जागच्या जागी थिजल्या. मग हसल्या, आणि हसता हसता खरोखरच रडायला लागल्या. आईच्या पायाशी बसून म्हणाल्या, "माझ्या जिभेला हाड नाही, अक्का."

त्या गेल्यावर आईने मला जवळ बोलावले. "उद्यापासून मी तीनच ठिपके ठेवीन. बाकीचं तू काढ. पण जिवंत माणसाच्या घराचं दार कोरं ठेवू नकोस."

"आणि मद्रास?"

"ते माझी नाडी सांगेल."

पोंगल झाला. तिचे ठिपके हळूहळू वाढले, माझे कमी होत गेले. एकदा नाडी त्र्याऐंशीवर गेली, तेव्हा ती स्वतःच म्हणाली, "उद्या चार कमी." मामी आता दारावरून जाताना कोलमाकडे न बघता आईच्या चेहऱ्याकडे बघत.

एकोणतीस जानेवारीला अप्पांनी सडा घातला. आईने भिंतीला हात न लावता पंचवीस ठिपके काढले आणि रेघ कुठेही न तोडता जुळवली.

तीस तारखेच्या पहाटे मी तिच्या अंथरुणाशी बसले. अप्पा दारात उभे होते.

"किती?" आईने विचारले.

"बोलू नकोस. मोजतेय."

मी पूर्ण मिनिटभर बोटे मनगटावर ठेवली. अठ्ठ्याहत्तर.