आठ पिना

जे इंजिन पहिल्या किकला सुरू होतं ते उघडायचं नसतं. हे मी नोएलीनला तीन वेळा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा जरा आवाज चढवूनच सांगितलं.

"हेक्टरने बांधलंय ते. अख्ख्या साउथलँडमध्ये त्याच्या हाताला तोड नव्हती. आणि तू त्याची बायको असून त्याच्या कामावर शंका घेतेस?"

"शंका कसली? इंजिन उघड, एवढंच म्हणतेय."

"अगं पण का?"

"मी म्हणते म्हणून."

हेक्टरला जाऊन आठ महिने झाले होते. त्याची लाल इंग्लिश मोटरसायकल आता नातीची, ब्रायरची. उन्हाळाभर शेडमध्ये खपून पोरीने तिचा गंज काढला, रंग दिला, चाकं नवी बसवली. राहिलं होतं ते इंजिन. शनिवारी ओरेटीच्या समुद्रकिनारी वाळूवर शर्यत होती, आणि ब्रायरला तिथे आजोबांची गाडी पळवायची होती.

"आजी, मर्डोकाकांचं मला पटतंय," ब्रायर म्हणाली. "आता उघडलं आणि एखादं गॅस्केट मिळालं नाही, तर शनिवार हातचा जाईल."

"न उघडता त्या गाडीवर बसलीस, तर मी चाकासमोर आडवी पडेन."

नोएलीन अशी बोलणारी बाई नव्हे. दर रविवारी चर्चबाहेर भेटली की माझ्याबरोबर माझ्या मोटरसायकलचीही विचारपूस करायची. "कशी चालतेय रे गाडी, मर्डो?" मी म्हणायचो, "झकास." माझं इंजिनही हेक्टरच्याच हातचं ना. माझी बायको होती तेव्हा तिनेसुद्धा माझी इतकी चौकशी कधी केली नाही.

तिच्या हट्टापुढे काय चालणार? मंगळवारी सकाळी इंजिन उतरवून बाकावर घेतलं आणि एकेक नट काढताना मनातल्या मनात तिला एकेक शिवी हासडली. वरचे भाग निघाले, सगळे आरशासारखे स्वच्छ. मी ते मुद्दाम तिला नेऊन दाखवले. ती म्हणाली, "अजून खाली बघ."

दुपारी ब्रायरला भूक लागली. "काका, तुमची गाडी नेऊ? गावातून चीज रोल आणते."

"ने. पण जपून. मी तिला साठच्या वर कधी नेत नाही."

"माहितीय. मेंढ्यासुद्धा तुम्हाला मागे टाकतात," असं म्हणून ती गेली.

पाच-दहा मिनिटांत इंजिनाच्या खालच्या पेटीचे दोन भाग सुटे झाले. पिस्टनचे दांडे जिथे क्रँकच्या फिरत्या आसाला धरलेले असतात, तिथे चार नट असतात. नट ढिला पडू नये म्हणून प्रत्येकात आडवी एक बारीक पिन घालतात. इथे पिन नव्हती. एकाही नटात नव्हती. मी पहिल्या नटाला बोट लावलं आणि तो फिरला. पाना नको, पक्कड नको, नुसत्या बोटाने फिरला.

शनिवारी भरवेगात हा नट सुटला असता, तर दांडा पेटी फोडून बाहेर आला असता आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं असतं. मी उलट्या बादलीवर बसलो आणि नोएलीनला हाक मारली.

ती आली, बाकावर एक नजर टाकली आणि काही न विचारता घरात परत गेली. येताना तिने बटणांचा डबा आणला आणि तळाशी असलेल्या पिना माझ्या तळहातावर ओतल्या.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "जुलै होता, आपला ऐन हिवाळा. हेक्टर शेडमधून चहाला आला आणि या पिना बशीत ठेवल्या. म्हणाला, जास्तीच्या उरल्या. मला काय कळतंय त्यातलं? मग नाताळात त्याला माझं नाव आठवेना, तेव्हा या पिना माझ्या डोळ्यांपुढे आल्या."

मला रडू फुटलं. ज्या माणसाने मला पाना धरायला शिकवलं, तो पिना बशीत ठेवून चहा प्यायला होता, आणि आम्हा कोणाला पत्ता नव्हता. डोळे पुसले आणि हाताला काहीतरी काम हवं म्हणून पिना मोजल्या. आठ भरल्या. पुन्हा मोजल्या. आठच.

"नोएलीन, एका इंजिनाला चार लागतात."

तिने डब्याचं झाकण लावलं.

"त्या हिवाळ्यात त्याने दोनच इंजिनं बांधली. एक हे. दुसरं..."

दुसरं माझं. 

नोएलीनने माझी गाडी उभी असते त्या कोपऱ्याकडे पाहिलं. "तुझी गाडी कुठाय?"

"ब्रायर घेऊन गेलीय. चीज रोल आणायला."

ती किंचाळली. मी ब्रायरला फोन लावला. तो बाकावरच्या फडक्याखाली वाजला. मोटारीची किल्ली नोएलीनला सापडेना. शेवटी आम्ही दोघं म्हातारे धावत फाटकापर्यंत गेलो आणि रस्त्याकडे बघत उभे राहिलो. वाऱ्यापुढे काही ऐकू येत नव्हतं. माझ्या हातात अजून त्या पिना होत्या.

मग आवाज आला. वळणावरून ब्रायर आली, आमच्यासमोर थांबली, हेल्मेट काढलं. चेहरा नुसता फुलला होता.

"काका, कसलं गोड इंजिन आहे हो! पुलापुढच्या सपाटीवर एकशेवीस गाठली. आजोबा ते आजोबाच!" मग आमच्याकडे पाहून म्हणाली, "काय झालं? आजी?"

नोएलीनने तिला गाडीवरून अक्षरशः ओढून घेतलं. चीज रोलची पिशवी खडीत पडली.

"तुला ठाऊक होतं," मी नोएलीनला म्हणालो.

"नक्की नव्हतं ठाऊक."

"आठपर्यंत मोजता येतं तुला!"

"काय सांगणार होते मी, मर्डो? हेक्टरचं नाव गेलं असतं. त्याच्याजवळ तेवढंच तर उरलं होतं." नातीला तिने सोडलं नव्हतं. "दर रविवारी तुला विचारायची. तू म्हणायचास, झकास. मग पुढच्या रविवारपर्यंत मला झोप लागायची."

मी खाली वाकून गाडीचा पेट्रोलचा कॉक बंद केला. माझं घर अकरा किलोमीटरवर होतं. मी चालत गेलो.