विसाव्याला टेकलेली बाज

साहेब, तुम्ही आमच्या गावात आलात आणि समाजमंदिराची भिंत रंगवून गेलात. निळ्या अक्षरांत लिहिलंत, 'बाळंतपण दवाखान्यातच करा.' चांगलं लिहिलंत. अक्षरही वळणदार होतं. पण दवाखान्यापर्यंत जायचं कशावरून, ते लिहायचं विसरलात. गावाचं नाव मी सांगत नाही. सांगून फायदा नाही. तुमच्या कागदावर त्या गावाला डांबरी रस्ता आहे. आणि ज्या गावाला डांबरी रस्ता आहे, ते गाव आमचं नव्हेच.

मित्रांनो, हे एवढं ताडताड कोण बोलतंय म्हणून दचकू नका. मी एक जुनी बाज आहे. दोरीनं विणलेली खाट, तिला आम्ही बाज म्हणतो. चार पाय, चार लाकडं आणि दोरी, एवढाच माझा संसार. बाजेला तोंड नसतं हे मलाही कळतं. पण वर्षानुवर्षं बायकांच्या कळा अंगावर झेलल्या की लाकडालासुद्धा वाचा फुटते.

दर्यापूरच्या काळ्या मातीत वामनरावांचं शेत. त्या शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बाभूळ म्हणजे मी. नत्थुजी सुतारानं मला तासलं. विणलं ते वलीभाईनं. वलीभाईचं घर आमच्या घराला लागून, मधे फक्त एक कुंपण. माणूस शेतकरी, पण अंबाडीचा दोर वळावा तर त्यानंच. नाल्यात अंबाडी भिजवून, सोलून, मांडीवर वळून त्यानं आठ दिवसांत मला भरून काढलं. शेवटची गाठ मारून स्वतःच माझ्यावर आडवा झाला आणि म्हणाला, "वामनराव, हे बाज तुमच्या नातवाले पुरन."

मला करायचं कारण गोदाबाई, वामनरावांची बायको. तिचा पहिला पोरगा अमोल माहेरी झाला होता. दुसऱ्या खेपेला ती इथंच राहिली. वलीभाईची बायको जहाँआरा गावाची दाई. तिच्या हातावर, माझ्या अंगावर, गोदाबाईला मुलगी झाली. तीच दामिनी. जहाँआरानं मुलीच्या पहिल्या झबल्याच्या कापडाची एक चिंधी फाडली आणि माझ्या पायथ्याच्या दोरीला बांधली. म्हणाली, "बाज शकुनाची हाय. दुसरीकडं द्याले ना म्हणू नका."

तेव्हापासून मी गावभर फिरले. पाटलांच्या ओसरीत गेले, बौद्धपुऱ्यात गेले, मशिदीमागच्या गल्लीत गेले. ज्या घरचं पाणी एकमेकांना चालत नव्हतं, त्या घरची बाज मात्र चालत होती. तुमच्या पुढाऱ्यांना जे पन्नास भाषणांत जमलं नाही, ते एका बाईच्या कळेनं जमवलं. काय दिवस होते ते! माझ्याखाली शेगडी धुमसायची. ओव्याचा, शेपाचा धूर दोरीतून वर यायचा आणि बाळंतिणीच्या पाठीला लागायचा. उशाखाली विळा. पाचव्या दिवशी पाचवी पुजायची तेव्हा पाटी-लेखणी ठेवायचे, सटवाई येऊन लेकराचं नशीब लिहील म्हणून. मी रात्रभर जागी असायचे. सटवाई काय लिहिते ते मला कधी दिसलं नाही. पायथ्याच्या दोरीला चिंध्या वाढत गेल्या एवढं खरं. वारा आला की त्या सगळ्या मिळून फडफडायच्या. मला बाई फार आवडायचं ते.

मग भिंत रंगली. जहाँआराला बोलावून सांगितलं, आता तू बाळंतपणं करायची नाहीत. ती घरी येऊन माझ्यावरच बसली. राग नव्हता तिला. गोदाबाईला म्हणाली, "बरंच झालं व माय. माह्या हातून दोन लेकरं गेली, ते मले रोज दिसतात. डॉक्टर असता तर जगती." अशी ती खरी बाई. तिनं तुमचं ऐकलं, साहेब. आमच्या गावानं तुमचं ऐकलं. हे नीट ध्यानात ठेवा.

आता ज्या दिवसासाठी मी हे सगळं सांगतेय, तो दिवस. पोळ्याच्या आदल्या दिवशीचा. बैलांची खांदेमळणी. वर्षभर जू वाहून खांद्यांना घट्टे पडतात, म्हणून त्या दिवशी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात आणि कानात सांगतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' एकदा खांद्याला हळद लागली की पोळा होईपर्यंत बैलावर जू ठेवत नाहीत.

दामिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नवरा अकोल्याला. सकाळी ती पुरणाची डाळ निवडत माझ्यावर बसली होती. निवडता निवडता थांबायची, माझं लाकूड मुठीत धरायची, डोळे मिटायची, आणि पुन्हा डाळ निवडायची. मी ओळखलं. तिच्या आईची मूठही अशीच होती.

गोदाबाईनं ओळखलं नाही. "कच्च्या कळा हायेत. अजून पंधरा दिस हायेत तुले."

"माय, मले हिशेब नको सांगू, कंबर तुटून राहिली," दामिनी म्हणाली.

जहाँआरा कुंपणापलीकडून आली. तोंडात पानाचा विडा टाकून बसली. विडा संपायच्या आत दुसरी कळ आली. तिनं हात धुतले, दामिनीचं पोट चाचपलं, आणि तिचं चघळणं बंद पडलं. मग अंगणात जाऊन पान थुंकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"डोक्शं वर हाय लेकराचं. पायाळू येऊन राहिलं. हे माह्या हातचं काम नाही. दर्यापूरले न्या, आत्ताच्या आत्ता."

वामनराव बैलांच्या खांद्याला लोणी चोळत होते. तसेच हळदीच्या हातानं उठले. "बंडी जुंपतो. पोया गेला खड्ड्यात."

"जुंपा न," वलीभाई म्हणाला, "नाल्याच्या अलीकडंच बंडी आसापर्यंत रुतन. काल खताची बंडी रुतली, अजून तिथंच हाय. ते काढाले जाता का पोरीले घेऊन जाता?"

गावापासून फाट्यापर्यंत कोसभर वाट. श्रावणातली काळी माती तुम्ही बुटानं तुडवली नाहीत, साहेब. ती पाय धरते आणि सोडत नाही. बैल नाही, बंडी नाही, जीप गावात येत नाही. उरले खांदे.

मला उचललं. पुढं अमोल आणि धर्मपाल, मागं वामनराव आणि वलीभाई. धर्मपाल बौद्धपुऱ्यातला, माझ्यावरच जन्मलेला, आता सहा फुटी. दामिनीला निजवलं, वरून खताच्या पोत्यांची शिवलेली ताडपत्री पांघरली. निघताना जहाँआरा ओरडली, "थांबा! डोक्शं पुढं घ्या. पाय पुढं मुर्द्याचे." त्यांनी मला फिरवलं, आणि आम्ही निघालो. कडेनं जहाँआरा, मागं गोदाबाई, हातात चपला आणि लुगड्याचं गाठोडं.

आता एक गोष्ट सांगते, ती कुठल्या कागदावर नाही. नाल्याच्या अलीकडं एक कडुनिंब आहे. त्याखाली चपटा दगड. तो गावाचा विसावा. मसणात जाताना तिरडी तिथं टेकवतात, खांदेकरी जागा बदलतात, तिरडी फिरवतात, आणि पुढं जातात. फाट्याची वाट आणि मसणाची वाट तिथपर्यंत एकच. त्या दोनतीन वर्षांत शेतकरी एकामागून एक जीव देत होते, ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. पेपरात आकडा असतो, खांदा नसतो. त्या वर्षांत हेच चार खांदे किती वेळा त्या वाटेनं गेले, ते मी अंगणात उभी राहून पाहिलं होतं.

कडुनिंब आला आणि चौघं थांबले. मला दगडावर टेकवलं. पुढचे मागं गेले, मागचे पुढं आले. मला फिरवलं, दामिनीचे पाय पुढं झाले. वामनरावांनी पायातली वहाण काढली आणि हात जोडले.

मित्रांनो, त्यांचं डोकं दर्यापूरला पोचलं होतं. पण पायांना आणि खांद्यांना ती जागा पाठ झाली होती.

दामिनीनं ताडपत्री बाजूला सारली. वर कडुनिंब. समोर हात जोडलेला बाप.

"बाबा," ती म्हणाली, "मी जित्ती हाओ."

वामनरावांनी हाताकडं पाहिलं. हळद अजून तशीच होती. मग जहाँआरा फुटली. "अरे मुर्द्याहो! लाज नाही वाटत? तुमच्या खांद्यायले मुर्देच वाहाची सवय लागली. जित्तं माणूस वाहता येत नाही का रे तुमाले?"

धर्मपाल पुटपुटला, "खाला, पायच थांबले न. मले तं कळलंच नाही."

"तुह्या पायाले अक्कल हाय, डोक्श्यात नाही!"

पण वामनराव खाली बसले ते उठेनात. चिखलातच बसले. "विसाव्याले टेकलेलं माघारी येत नाही," एवढंच म्हणत राहिले. "माह्या हातानं टेकवली मी तिले." अमोल म्हणाला, "बाबा, उठा." वलीभाईनं बखोटीला धरलं. माणूस दगड झाला होता. तीन खांद्यांवर बाज चालत नाही. वर आभाळ भरलेलं, पोटात लेकरू उलटं, आणि वाट अजून अर्धी बाकी. माझ्या दोरीतून मला दामिनीच्या पोटातली कळ कळत होती. ती पाठीतून निघाली, पोटावर चढली, आणि या वेळी उतरायचं नावच घेईना.

उतरली तशी दामिनी उठून बसली.

"खाला, हात दे."

"काय करून राहिली व?" गोदाबाई ओरडली.

दामिनीनं पाय खाली सोडले. चिखलात घोट्यापर्यंत गेले. एका हातानं जहाँआराला धरून ती विसाव्याच्या दगडाला वळसा घालून निघाली. दहा पावलं. मधे थांबली, वाकली, श्वास घेतला, पुन्हा दहा. कडुनिंबाच्या सावलीतून बाहेर गेली. नाल्याच्या पुलावर, म्हणजे दोन सिमेंटच्या नळ्यांवर, जाऊन उभी राहिली आणि मागं वळून म्हणाली,

"बाबा, मुर्दा चालत नाही. पाह्यलं न? आता आना माही बाज."

वामनराव उठले. मला रिकामीच खांद्यावर घेऊन ते चौघं अक्षरशः पळाले. नाल्यापलीकडं दामिनी पुन्हा माझ्यावर आडवी झाली, डोकं पुढं. तिथून फाट्यापर्यंत वामनराव एकदाही थांबले नाहीत. खांदा बदलू म्हटलं तरी नाही. पाठीमागून गोदाबाई रडतही होती आणि शिव्याही देत होती, पण कुणाला, ते नीट कळलं नाही. तुम्हालाच असाव्यात.

फाट्यावर काळीपिवळी जीप उभी होती, पोळ्यासाठी घरी चाललेल्या माणसांनी गच्च भरलेली. कुणाच्या मांडीवर बैलांच्या झुली, कुणाच्या हातात बेगड आणि बैलांच्या कपाळावर बांधायच्या मठाट्या. ड्रायव्हर रय्यान. त्यानं दामिनीला पाहिलं आणि नुसतं म्हणाला, "उतरो भई, सब उतरो." कुणी कुरकुरलं नाही. सगळे झुलीसकट भुरभुरत्या पावसात उभे राहिले. मी फाट्यावरच राहणार होते, पण जहाँआरा अडून बसली, "बाज संगं येईन." मला टपावर बांधलं.

दर्यापूरच्या दवाखान्यानं मला दारात थांबवलं. बरोबरच केलं, चिखलानं माखलेली बाज आत कशाला? दामिनीला चाकाच्या खाटेवर घालून आत नेलं. मी सायकलींच्या शेडमध्ये, चार पाय वर करून. इतकी वर्षं प्रत्येक लेकरू माझ्या अंगावर रडलं होतं. हे पहिलं, जे मला ऐकू आलं नाही.

संध्याकाळ होत आली तेव्हा जहाँआरा बाहेर आली. माझ्याजवळ वाकली, पदराआडून पिवळ्या कापडाची एक चिंधी काढली आणि पायथ्याच्या दोरीला बांधली. दोन गाठी मारल्या. मग तिथंच शेडमध्ये बसून पहिल्यांदा रडली.

मुलगी झाली होती. पायाळू. मायलेकी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी पोळा. घरी आल्यावर गोदाबाईनं त्या चौघांना अंगणात ओळीनं बसवलं. सदरे काढायला लावले. खांदे सुजून लाल झाले होते. तिनं वाटीत उरलेलं लोणी घेतलं, हळद घेतली, आणि बैलांसारखे चौघांचे खांदे चोळले. धर्मपाल म्हणाला, "मामी, शिंगायले बेगड नाही लावत का?" वलीभाई इतका हसला की त्याला ठसका लागला. हसता हसता गोदाबाई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वामनराव मात्र हसले नाहीत. ते माझ्या लाकडावरून हात फिरवत होते.

ते अंगण आठवलं की माझी दोरी अजून सैल पडते. वलीभाई गेला. जहाँआराला आता दिसत नाही. घरात लोखंडी पलंग आला आणि मी गोठ्यात आले. माझ्यावर तुरी वाळल्या, कोंबड्या बसल्या. दोरी कुजली, चिंध्यांचे रंग गेले. पण ती पायाळू मुलगी, आता कॉलेजात जाते, सुट्टीत येते तेव्हा गोठ्यात येऊन पिवळी चिंधी शोधते.

मला वाटलं होतं, माझं काम संपलं. पण परवा अमोल आला. मला बाहेर काढलं, पाय हलवून पाहिले, कुजलेली दोरी कापली. हातात बाजारातून आणलेला नवा नायलॉनचा दोर. त्याच्या सुनेला सातवा लागलाय. तारीख श्रावणातली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला जपा, टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. मला फोडा. माझ्या लाकडावर शेगडी पेटवा आणि त्या सुनेच्या पाठीला शेक द्या, मी आनंदानं जळेन. पण अमोलच्या हातातला तो दोर मला पाहवत नाही.

साहेब, तुमच्या भिंतीवरची निळी अक्षरं दोनदा नव्यानं रंगवलीत. फाटा तिथंच आहे, नालाही तिथंच. कडुनिंबाखालचा दगड अजून वाटेतच आहे. श्रावणाला तीन महिने उरलेत. अमोल दोर घेऊन समोर उभा आहे. त्यानं मला विणायचं, की नाही? सांगा.