तिसाव्या चालीपर्यंत

नवव्या फेरीच्या सकाळी स्तोयान नाश्त्याला खाली आले नाहीत, तेव्हा माझा दीर, वगदी, हळूच म्हणाला, "वहिनी, वर जाऊन बघता का? तुम्ही नर्स होतात. शिवाय तुमच्याशी ते भांडत नाहीत."

मी उठले. माझा बिशोय समोरच बसला होता, भाकरीचे तुकडे करत होता, खात नव्हता.

बुद्धिबळात ग्रँडमास्टर व्हायला तीन नॉर्म, म्हणजे तीन स्पर्धांत ठरावीक दर्जाची कामगिरी, लागतात. बिशोयचे दोन झाले होते, मानांकनही पुरेसं होतं. तिसऱ्यासाठी वगदीने अलेक्झांड्रियातल्या या हॉटेलात, हिवाळ्यात खोल्या स्वस्त मिळतात म्हणून, ही स्पर्धा भरवली. नऊ डावांत निदान तीन प्रतिस्पर्धी ग्रँडमास्टर असावे लागतात. वगदीने बरोबर तीनच बोलावले होते, त्याच्याच्याने तेवढेच झाले. दोघांशी बिशोयचे डाव झाले होते. तिसरे स्तोयान. ते पटावर बसले तर बिशोयला अर्धा गुण पुरे होता. नाही बसले, तर आठ दिवसांचं सगळं पाण्यात.

स्तोयान बल्गेरियाचे. पूर्वी आमच्या संघाला शिकवायला दहा वर्षं इथे होते, त्यामुळे आमची बोली त्यांच्या तोंडात बसलेली. दार उघडंच होतं. ते पलंगावर तीन उशा पाठीशी घेऊन बसले होते. खाली समुद्र नुसता आदळत होता.

"माझ्या पायांकडे बघू नका, उम्म बिशोय," ते म्हणाले. बिशोयची आई म्हणून ते मला अशीच हाक मारत. "तोंड अजून बरं आहे."

पाय घोट्यापर्यंत सुजले होते. नखं निळसर. वीस वर्षं मी हृदयरुग्णांच्या विभागात काढली.

"रात्रभर असेच बसून होतात?"

"आडवा झालो की समुद्र छातीवर येऊन बसतो." ते थांबले, श्वास गोळा केला. "पोरगा आज काय खेळणार?"

"मला सांगत नाही."

"शहाणा आहे. तुमच्याकडून मी दोन मिनिटांत काढून घेतलं असतं." मग त्यांनी माझा हात धरला. "तुम्ही जाणत्या आहात. दवाखान्यात जायला हवं का? तुम्ही सांगाल तसं करतो."

आम्हा कॉप्टिक ख्रिस्तींच्या नाताळआधीच्या उपवासाचा तो एकविसावा दिवस होता. रोजच्या सातही प्रार्थनांना मी देवाकडे एकच गोष्ट मागत होते.

"डाव झाला की जाऊ," मी म्हणाले. "दुपारी."

त्यांनी मान हलवली, औषध सांगितल्यावर रोगी हलवतात तशी. बूट चढेनात, म्हणून मी हॉटेलच्या सपाता त्यांच्या पायांत घातल्या.

खाली दाराशी वगदी घाम पुसत उभा होता. "वहिनी, पंच ऐकत नाही. तीस चालींआधी बरोबरी करता येणार नाही म्हणतो."

"मग बदला नियम."

"नियम मीच लिहिलाय. पाहुणे सुट्टीवर आल्यासारखे खेळू नयेत म्हणून." तो कसनुसा हसला. "हा म्हातारा डाव सोडून देईल का?"

"सोडणार नाहीत. त्यांनी आजवर कुणाला किताब फुकट दिलेला नाही."

बिशोयने त्यांना खुर्चीपर्यंत आणलं आणि माझ्याकडे वळून बघितलं. "आई, उस्ताद ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत."

त्याने पुन्हा विचारलं नाही. मी त्याच्याशी कधी खोटं बोलले नव्हते.

मला डाव कळत नाही. प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडे वगदी माझ्या कानाशी आकडे सांगत होता. नऊ. चौदा. स्तोयान पांढऱ्याने खेळत होते आणि दर चालीनंतर घड्याळ दाबायला त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागत होता. एकोणिसाव्या चालीला ते रुमालात खोकले. रुमाल त्यांनी घडी करून खिशात घातला, पण त्याआधी मला दिसला. फेसाचा गुलाबी डाग होता. तो गुलाबी रंग मी ओळखते, फुप्फुसांत पाणी भरलं की येतो. त्यानंतर वेळ मिनिटांत मोजतात.

"खोकला आहे जरासा," वगदी म्हणाला.

मी पुढचा आकडा विचारला.

बाविसाव्या चालीला त्यांच्या हातातलं पेन पडलं. बिशोय टेबलाखाली वाकला आणि वर यायला त्याला वेळ लागला. सपाता, त्यांतून बाहेर आलेले पाय, सगळं त्याला तिथून दिसलं असणार. वर आला तेव्हा त्याने स्तोयानकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

मी नुसती मान हलवली असती तर तो डाव थांबवून उठला असता. अजूनही मला तसंच वाटतं.

त्याने पेन त्यांच्यासमोर ठेवलं आणि घोडा उचलला.

त्यानंतर तो भराभर खेळू लागला. स्तोयान चाल करत, तो लगेच उत्तर देई. पंचवीस. सत्तावीस. वगदीचा आवाज बसला होता. मी फोन हातात घेतला, रुग्णवाहिकेचा नंबर टाकला, पण बटण दाबलं नाही.

"तीस," वगदी म्हणाला.

बिशोयने बरोबरी मागत हात पुढे केला. स्तोयाननी तो धरला आणि सोडला नाही. त्यांचं डोकं हळूहळू छातीवर आलं. मी बटण दाबून दोरी ओलांडली. मी पोचले तेव्हा माझा मुलगा डाव्या हाताने निकालाचा कागद त्यांच्याकडे सरकवत होता, आणि अगदी हळू, माझ्यासारख्याच आवाजात म्हणत होता,

"उस्ताद, सही राहिली."